वजन लावा, पण तोंड बांधू नका

नवीन सीझन जवळ आला की वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिप, म्हणजे लांब पल्ल्याच्या कार रेसिंगची आपली डब्ल्यूईसी, फॉलो करणारे सगळे टायर, नवीन गाड्या, कॅलेंडर यावर बोलायला लागतात. मला बोलायचंय ते स्पोर्टिंग रेग्युलेशन्समधल्या एका कलमावर. बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स, ज्याला सगळे बीओपी म्हणतात, म्हणजे वेगवेगळ्या गाड्या एका पातळीवर याव्यात म्हणून प्रत्येकीला लावलेलं वजन आणि ताकदीचं माप, तो ठरताना कंपनीने, टीमने, ड्रायव्हरने किंवा त्यांच्याशी संबंधित कोणीही दबाव आणायचा नाही, आणि ठरल्यावर त्यावर जाहीरपणे बोलायचंही नाही, मीडियात नाही, सोशल मीडियावर पण नाही, असं ते कलम सांगतं. बोललं की कारवाई होऊ शकते. म्हणजे रात्रभर गाडी हाणणाऱ्या ड्रायव्हरला आपली गाडी सरळ पट्ट्यात का मागे पडतेय हे बरोब्बर माहीत असतं पण प्रेस कॉन्फरन्समध्ये कोणी विचारलं तर त्याने गप्प बसायचं. हे कलम काढून टाकावं असं माझं स्पष्ट मत आहे, आणि गंमत नाही, मी बीओपीच्या पूर्ण बाजूने आहे म्हणूनच हे म्हणतेय.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टॉपच्या हायपरकार क्लासमध्ये दोन वेगवेगळ्या नियमांनी बनलेल्या गाड्या एकत्र पळतात. एक एलएमएच, यात कंपनी जवळपास सगळी गाडी स्वतः डिझाइन करते आणि हायब्रिड मोटर लावली तर ती पुढच्या चाकांना. दुसरी एलएमडीएच, यात गाडीचा पाठीचा कणा डलारा, मल्टिमॅटिक, ओरेका किंवा लिजिए या चारांपैकी कोणाकडून तरी घ्यायचा आणि मागच्या चाकांची छोटी हायब्रिड सिस्टिम सगळ्यांना सेम. फेरारी, टोयोटा, पूजो पहिल्या गटात, कॅडिलॅक, बीएमडब्ल्यू, अल्पीन आणि 2025 पर्यंत पोर्शे दुसऱ्या गटात, आणि 2025 मध्ये आलेली अ‍ॅस्टन मार्टिनची व्हाल्किरी आहे एलएमएच पण तिला हायब्रिडच नाही, साडेसहा लिटरचं व्ही ट्वेल्व्ह इंजिन आहे, ज्याचा आवाज ऐकायला लोक ट्रॅकवर जातात. आता फोर व्हील ड्राइव्ह हायब्रिड, रिअर व्हील ड्राइव्ह हायब्रिड आणि हायब्रिड नसलेली व्ही ट्वेल्व्ह यांची रेस लावायची तर काहीतरी करून त्यांना एका पातळीवर आणावंच लागणार.

ते काम एका साध्या तक्त्याने होतं. गेल्या काही सीझनमध्ये रेसच्या आधी एक पत्रक यायचं. डावीकडे गाड्यांची नावं, मग किमान वजन किलोमध्ये, हायपरकारचं मूळ किमान वजन 1030 किलो आणि त्याच्यावर कोणाला किती चढवलंय ते, मग ताशी 250 किलोमीटरच्या खाली किती किलोवॅट पॉवर वापरता येईल, 250 च्या वर ती किती टक्के वाढणार की कमी होणार, आणि एका स्टिंटमध्ये, म्हणजे दोन पिट स्टॉपच्या मधल्या टप्प्यात, किती मेगाज्युल एनर्जी. बास. हे पाळलं जातंय की नाही ते बघायला ड्राइव्हशाफ्टवर टॉर्क सेन्सर बसवलेले असतात, म्हणजे इंजिन काय दाखवतंय ते नाही, चाकांपर्यंत खरोखर किती ताकद पोचतेय ते मोजलं जातं. मला हा प्रकार टेक्निकली फार आवडतो, आजवर रेसिंगमध्ये इतकं अचूक मोजमाप फार कमी ठिकाणी झालं असेल. पण हे आकडे आले कुठून, फेरारीला अमुक किलो का आणि बीएमडब्ल्यूला तमुक का, हा हिशोब मात्र आपल्यासमोर मांडला जात नाही, आणि ज्यांना तो कळतो त्यांना बोलायची बंदी.

बीओपी नको, शुद्ध रेसिंग हवं म्हणणारे बरेच आहेत, त्यांना मी मागची दहा वर्षं आठवायला सांगेन. एलएमपी वनच्या, म्हणजे हायपरकारच्या आधीच्या टॉप क्लासच्या काळात ऑडी, पोर्शे आणि टोयोटा यांनी पाण्यासारखा पैसा ओतला, गाड्या अफलातून होत्या, पोर्शे 919 सारखी गाडी परत होणार नाही. पण 2016 संपताना ऑडी गेली, 2017 संपताना पोर्शे गेली, आणि टोयोटा हायब्रिडवाली एकटीच उरली. 2018 च्या ले मान्सला, म्हणजे फ्रान्समधल्या त्या 24 तासांच्या रेसला, तिसऱ्या नंबरची रिबेलियन टीमची गाडी विजेत्या टोयोटापेक्षा 12 लॅप मागे होती. 12 लॅप! ले मान्सचा एक लॅप साडेतेरा किलोमीटरचा असतो. मग 2021 ला हायपरकारचे नियम आले तेव्हा पहिल्या वर्षी ले मान्सला टॉप क्लासमध्ये पाचच गाड्या होत्या, त्यातली अल्पीन तर जुनी एलएमपी वनच होती. आणि 2024 ला? 23 हायपरकार, त्यातल्या नऊ 24 तासांनंतर लीडरच्याच लॅपमध्ये, आणि फेरारी आणि टोयोटा यांच्यात शेवटी 14 सेकंदांचा फरक. इतक्या कंपन्या आल्या त्या बीओपीमुळेच आल्या. बोर्डरूममध्ये बसलेल्या माणसाला खात्री हवी असते की ठरावीक बजेट लावलं तर निदान लढता येईल, आणि ती खात्री बीओपी देतो. त्यामुळे तो जावा असं मला अजिबात वाटत नाही.

शिवाय नियमांनी पारडं खालीवर करणं हे काही आजचं नाही. 1991 ला माझदाची रोटरी इंजिनवाली 787बी जिंकली, आपण सगळे तिच्या आवाजाच्या क्लिप बघतो, पण त्या रेसला जॅग्वार आणि मर्सिडीजच्या गाड्यांना 1000 किलो वजन बंधनकारक होतं आणि माझदाला 830. माझदाच्या लोकांनी ती सवलत अधिकाऱ्यांशी बोलून, पटवून मिळवली होती. तरीही त्या विजयाला कोणी खोटं म्हणत नाही, कारण आकडे तेव्हाही सगळ्यांना माहीत होते आणि गाडी 24 तास न थांबता पळाली ते सगळ्यांनी बघितलं. माझं म्हणणं त्याच धर्तीचं आहे.

आता 2023 बघा, कारण आजचा सगळा अविश्वास माझ्या मते तिथून सुरू होतो. ले मान्सचं शंभरावं वर्ष, फेरारी 50 वर्षांनी टॉप क्लासमध्ये परत आलेली. सीझनच्या आधी जी प्रोसेस ठरली होती तिच्यात असं होतं की ले मान्सच्या आधी फक्त एलएमएच विरुद्ध एलएमडीएच असा गटागटांमधला फरक दुरुस्त करता येईल, एकेका कंपनीला वेगळं हात लावायचं ते ले मान्सनंतर. आणि रेसला जेमतेम दहा दिवस उरले असताना एफआयए, म्हणजे मोटर स्पोर्टची जागतिक संस्था, आणि ले मान्सचे आयोजक एसीओ यांनी जाहीर केलं की टोयोटाला 37 किलो जास्त, फेरारीला 24, कॅडिलॅकला 11, पोर्शेला 3. टोयोटा तोपर्यंत सीझनमधल्या तिन्ही रेस जिंकली होती, तेव्हा तिला थोडं मागे खेचायला कारण होतं हे मी मान्य करते. आकडे कदाचित बरोबरही असतील. पण स्वतः लिहिलेली प्रोसेस स्वतःच बाजूला ठेवली, आणि हिशोब दाखवला नाही. पुढे रेसमध्ये काय झालं, शेवटचे दोन तास उरले असताना टोयोटाचा हिराकावा फेरारीच्या मागे लागला होता, आर्नाजच्या वळणावर ब्रेक मारताना गाडी फिरली आणि बॅरिअरला लागली, पुढचं नाक आणि मागचा भाग बदलावा लागला आणि फेरारी जिंकली. 51 नंबरच्या गाडीतल्या पिअर गुइडी, कलाडो आणि जिओविनाझ्झी यांनी जबरदस्त ड्राइव्ह केलं होतं. तरी आजही त्या रेसचा विषय निघाला की पहिलं वाक्य 37 किलोचं असतं. हे नुकसान टोयोटाचं जेवढं झालं तेवढंच फेरारीचं झालं.

बोलायला बंदी का, याचं उत्तर आयोजकांच्या बाजूने असं दिलं जातं की पूर्वी जीटीई क्लासमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या गाड्यांच्या क्लासमध्ये, प्रत्येक रेसच्या आधी रडारड व्हायची, सगळे मीडियातून दबाव आणायचे, खेळाबद्दल बोलणं बाजूला राहून किलो आणि बूस्टबद्दलच बोलणं व्हायचं. हे खोटं नाही. 2016 च्या ले मान्सला फोर्ड जीटीने परत येऊन क्वालिफायिंगमध्ये बाकीच्यांना झोपवलं, तर क्वालिफायिंग झाल्यावर रेसच्या आधी बीओपी बदलला, फोर्डची ताकद कमी केली, फेरारीला वजन लावलं, आणि आठवडाभर त्याच्यावरच वाद. पण विचार करा ना, तिथे त्रास कशाचा होता? क्वालिफायिंग आणि रेसच्या मधे आकडे बदलता येत होते याचा. जिथे आकडे शेवटच्या क्षणी बदलू शकतात तिथे लोक दबाव आणणारच, जाहीर नाही आणता आला तर बंद खोलीत आणतील. बंदीने जाहीर दबाव थांबला, खोलीतला थांबला की नाही हे तुम्हा आम्हाला कधीच कळणार नाही. आणि जाहीर दबावाला निदान समोरची कंपनी जाहीर उत्तर देऊ शकते.

ड्रायव्हरांनी बोलल्याने खेळ बिघडत नाही याचं उदाहरण त्याच 2023 चं आहे. त्या सीझनला टायर वॉर्मर, म्हणजे टायर आधीच गरम करून ठेवणारी साधनं, बंद केले होते, पर्यावरणाच्या दृष्टीने चांगला हेतू होता. बेल्जियममधल्या स्पाला थंडी, ओलसर ट्रॅक, क्वालिफायिंगमध्ये ब्रेन्डन हार्टलीची टोयोटा पिटमधून निघाल्या निघाल्या थंड टायरवर आपटली, रेसमध्ये फुओकोची फेरारी पण पिटमधून बाहेर पडल्यावर तशीच गेली. ड्रायव्हर बोलले, उघड बोलले, हे धोकादायक आहे म्हणाले. परिणाम काय, तर ले मान्सपुरते वॉर्मर परत आले, आणि नंतरच्या रेसपासून बंदी पुन्हा लागू झाली, तोपर्यंत सगळ्यांची तयारी पण जास्त झाली. म्हणजे चालवणाऱ्याने तोंड उघडलं, नियम करणाऱ्याने ऐकलं, बदल केला, सगळ्यांसमोर. कोणाची अब्रू गेली नाही. मग टायरबद्दल बोललेलं चालतं आणि वजनाबद्दल बोललेलं चालत नाही, हे कसलं लॉजिक?

मुंबई पुण्याकडच्या लोकांना हे समजायला एक उदाहरण घरचंच आहे, घोड्यांच्या शर्यती. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर हँडिकॅप रेस असते तेव्हा चांगल्या घोड्याला जास्त वजन लावतात, तेच तत्त्व, सगळे एका रेषेत यावेत म्हणून. पण घोड्याचं रेटिंग आधीपासून जाहीर असतं, कोणावर किती किलो ते रेसबुकात छापलेलं असतं, जॉकीचं वजन शर्यतीच्या आधी होतं, नंतर परत होतं. ट्रेनरला वाटलं आपल्या घोड्यावर अन्याय झालाय तर तो तसं म्हणतो, पेपरात छापून येतं, हँडिकॅपर आपल्या जागी ठाम राहतो, पुढच्या रेसला घोडे पळतात. आणि डर्बीला हे रेटिंगवालं वजन नसतंच, कारण ती डर्बी आहे, तिथे कोण सगळ्यात चांगला हेच बघायचं असतं. ज्या खेळात पब्लिकचा पैसा लागलेला असतो तिथे एवढं उघडपण चालतं तर गाड्यांच्या खेळात का नको? ले मान्सला डर्बीसारखं बिनवजनाचं ठेवता येणार नाही, गाड्याच वेगवेगळ्या जातीच्या आहेत, पण निदान ले मान्सचे आकडे रेसच्या आधीच्या टेस्ट डेच्या बरेच आधी ठरून सील व्हावेत आणि नंतर काहीही झालं तरी त्यांना हात लागू नये, एवढं करता येईल की नाही?

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते 2025 च्या ले मान्सबद्दल. पिवळी 83 नंबरची फेरारी, एएफ कोर्सेची, फॅक्टरीची लाल गाडी पण नाही. त्यात रॉबर्ट कुबित्सा, यिफेई ये आणि फिल हॅन्सन. कुबित्साचा 2011 चा रॅली अपघात ज्यांनी तेव्हा फॉलो केला त्यांना माहीत आहे, उजवा हात जवळजवळ गेला होता, एफ वनचं करिअर तिथेच बरीच वर्षं तुटलं. आणि 2021 च्या ले मान्सला हाच कुबित्सा आणि हाच ये, खालच्या एलएमपी टू क्लासमध्ये, डब्ल्यूआरटी टीमची गाडी क्लासमध्ये पहिली असताना शेवटच्या लॅपला बंद पडली. शेवटच्या लॅपला. चार वर्षांनी तेच दोघं ओव्हरऑल जिंकतात, शेवटी गाडीत कुबित्सा, त्या हातानिशी, मागे पोर्शे 14 सेकंदांवर, आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसात वाजता मी अक्षरशः उभी राहून बघत होते. आणि निकाल लागल्यावर ऑनलाइन पहिल्या काही मिनिटांत काय तर “बीओपीने जिंकवलं”, “फेरारीला सलग तिसरं ले मान्स द्यायचंच होतं”. मला हे पटत नाही, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही कारण हिशोब कोणी दाखवलेला नाही, फेरारीला स्वतःची बाजू मांडता येत नाही, हरलेल्या टीमचा ड्रायव्हर “नाही, त्यांनी आम्हाला साफ हरवलं” असं म्हणू शकत नाही कारण तेही बीओपीवर बोलणं झालं. संशय दूर करण्याचा एकच मार्ग होता तो नियमाने बंद केलाय.

आणि ज्यांना वाटतं बीओपी फेरारीच्या खिशात आहे त्यांनी त्याच 2025 चा पुढचा भाग पण बघावा. कतार, इमोला, स्पा, ले मान्स फेरारीने घेतलं खरं, पण मग साओ पाउलोला कॅडिलॅक एक दोन नंबर, अमेरिकेत ऑस्टिनला पोर्शे, फुजीला अल्पीन, बहरीनला टोयोटा. आठ रेसमध्ये पाच कंपन्या जिंकल्या. सिस्टिम चालतेय! चालणारी सिस्टिम लपवून का ठेवायची हेच मला कळत नाही.

हा सगळा विषय आत्ता काढायचं कारण म्हणजे 2026 पासून जुना डेटा बराचसा निरुपयोगी होतोय. मिशेलिनने हायपरकारसाठी नवीन टायर आणलेत. टोयोटाने गाडी मोठ्या प्रमाणात बदलून तिला नावही नवीन दिलंय, इतरांनीही अपडेट केलेत. जेनेसिस दोन गाड्या घेऊन नव्याने येतेय, पोर्शेने 2025 संपताना डब्ल्यूईसीचा हायपरकार प्रोग्राम बंद केला, 2027 ला फोर्ड आणि मॅक्लारेन येणार आहेत. बीओपी मुख्यतः मागच्या रेसेसच्या कामगिरीवरून ठरतो, आणि टायरच बदलला तर मागच्या कामगिरीवरून फार काही सांगता येत नाही, म्हणजे सुरुवातीला बरंच काही अंदाजाने आणि सिम्युलेशनने ठरणार. अंदाज चुकणारच, त्यात गुन्हा काही नाही. पण चुकलेला अंदाज आणि मुद्दाम दिलेलं झुकतं माप यातला फरक प्रेक्षकाला कळायचा असेल तर अंदाज कसा लावला ते सांगावं लागेल. हायपरकारचे सध्याचे नियम 2032 पर्यंत वाढवलेत, म्हणजे अजून बरीच वर्षं आपल्याला याच सिस्टिमबरोबर राहायचंय.

मला नक्की काय हवंय ते सांगते. फॉर्म्युला सीझनच्या आधी छापा, किती रेसची सरासरी, कोणते लॅप धरणार, नवीन गाडीला सुरुवातीचे आकडे कसे देणार. प्रत्येक रेसच्या तक्त्याबरोबर मागच्या रेसपेक्षा आकडा का बदलला ते दोन ओळींत लिहा. ले मान्सचे आकडे सील करा. आणि ते बोलण्याच्या बंदीचं कलम काढा, दबाव आणायला बंदी राहू दे, मत मांडायला नको.

याच्यावर एक आक्षेप खरंच वजनदार आहे. फॉर्म्युला उघड केला तर टीम्स त्याच्याशी खेळतील, मुद्दाम हळू चालवून पुढच्या रेससाठी किलो कमी करून घेतील, सँडबॅगिंग. हे होऊ शकतं. पण कंपन्यांच्या इंजिनिअरांना फॉर्म्युला आजही माहीत नाही असं कोणाला वाटत असेल तर तो भाबडेपणा आहे, त्यांच्याबरोबर बसूनच तर तो ठरतो. माहीत नाही ते फक्त प्रेक्षकाला. आणि टॉर्क सेन्सरपासून सेक्टर टाइमपर्यंत सगळा डेटा आयोजकांकडे असताना मुद्दाम हळू चालवणारा पकडणं अवघड असलं तरी अशक्य नाही, पकडला तर जबर शिक्षा द्या, ती पण जाहीर. 2025 च्या ले मान्सलाच चौथ्या आलेल्या 50 नंबरच्या फेरारीला रेसनंतरच्या तपासणीत रिअर विंग नियमापेक्षा जास्त वाकते म्हणून बाद केलं, कारण काय ते लिहून जाहीर केलं, आणि फेरारीच्या फॅन्सनी सुद्धा ते मान्य केलं. कारण दिलं की लोक मान्य करतात.

जाता जाता अजून एका नियमाबद्दल, जो या चर्चेत येत नाही. 2025 पासून हायपरकारला प्रत्येक कंपनीने किमान दोन गाड्या आणल्याच पाहिजेत असं केलं. ग्रिड भरलेला दिसतो हे ठीक, पण 2022 च्या ले मान्सला ग्लिकेनहाउससारखा अमेरिकेतला छोटासा कन्स्ट्रक्टर तिसरा आला होता, आजच्या नियमात अशा माणसाला दारातूनच परत जावं लागेल. लॅम्बोर्गिनीसारखी मोठी कंपनी एका गाडीवर होती ती पण बाहेर पडली. बीओपी असण्याचा अर्थच हा होता की छोट्याला मोठ्याशी लढता यावं, मग दारात दोन गाड्यांची अट कशाला? पुन्हा एका गाडीला परवानगी द्यावी असं मला वाटतं, निदान ज्या कंपनीची गाडी होमोलोगेट झालीय, म्हणजे नियमांप्रमाणे मान्य झालीय, तिला पहिली दोन वर्षं तरी.

पण प्राधान्य त्या कलमालाच. त्याला पैसा लागत नाही, नवीन सेन्सर लागत नाही, गाडीचा एक स्क्रू बदलावा लागत नाही. स्पोर्टिंग रेग्युलेशन्स एफआयएच्या वर्ल्ड मोटर स्पोर्ट कौन्सिलमध्ये मंजूर होतात आणि कौन्सिलची बैठक वर्षातून बऱ्याचदा होते, सीझन चालू असताना सुद्धा बारीकसारीक बदल तिथे होत असतात. पुढच्या बैठकीत हा एक परिच्छेद खोडायचा ठराव आणा, आणि जूनमध्ये ले मान्सच्या आधीच्या प्रेस कॉन्फरन्सला हरणाऱ्या, जिंकणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांना गाडीच्या वजनाबद्दल काय वाटतं ते विचारा.